शंका आली तर डबल

३ ऑगस्ट २०२४, शनिवार

नापास. वाचणं, ऐकणं, बोलणं – तिन्ही पास. लिहिणं नापास, एका ग्रेडने.

रिझल्ट ड्यूटीवरच मोबाइलवर आला. सात नंबरच्या आजोबांचं सलाइन बदलत होते. बदलून झालं, फाइलवर सही केली, मग बाथरूममध्ये जाऊन पुन्हा बघितलं. ग्रेड तीच.

परदेशात नर्स म्हणून जायचं तर ही इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. लिहिण्याच्या पेपरात एका पेशंटची सगळी माहिती देतात आणि त्यावरून पुढच्या डॉक्टरला पत्र लिहायला सांगतात. कधी ॲडमिट केलं, उलट्या झाल्या का, आता कुठे पाठवतोय. हेच तर मी रोज करते. माझ्या चिठ्ठीवरून आजवर एकही पेशंट चुकीच्या दारात गेलेला नाही.

घरी सांगितलं. धम्मपाल म्हणाला, "मी बोललो होतो ना. स्पेलिंग. तुमच्या त्या जिल्हा परिषदेच्या शाळेचं स्पेलिंग."

तुमच्या! जशी काही ती शाळा माझ्या बापाने काढली होती.

सासूबाई मेथी निवडतच राहिल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या कुणाच्या बाजूच्या आहेत ते मला कळलेलं नाही. कळायचं काय त्यात. मुलगा त्यांचा आहे.

५ ऑगस्ट

आजपासून पुन्हा नवऱ्याची शिकवणी. जेवणाआधी तासभर. खाली जाऊन लाल पेन घेऊन आला – मुद्दाम.

आजचा धडा : शब्दाच्या शेवटी एक व्यंजन, त्याच्या आधी एकच स्वर, तर पुढे ईडी किंवा आयएनजी लावताना ते व्यंजन दोनदा लिहायचं. स्टॉप – स्टॉप्ड, दोन पी. ॲडमिट – ॲडमिटेड, दोन टी. रेफर – रेफर्ड, दोन आर. ब्लीडमध्ये स्वर दोन आहेत, म्हणून ब्लीडिंगमध्ये डी एकच.

एवढं समजलं. मग मी पत्रात जुन्या सवयीने 'व्हॉमिटेड' एका टीने लिहिलं, तर त्याने कागद फाटेल इतक्या जोरात खोडलं.

"मित्रा, आत्ता काय सांगितलं? मे महिन्यातपण हेच सांगितलेलं."

"म्हणजे नेहमीच डबल?"

"शंका आली तर डबल कर. डबल केलेलं कधी चुकत नाही. सिंपल आहे यार."

संघमित्राची मित्रा त्यानेच केली होती, लग्नाआधी. तेव्हा तो शब्द कानाला गोड वाटायचा. आता मित्रा म्हटलं की पाठोपाठ चूक येते.

९ ऑगस्ट

चपात्या लाटताना त्याने विचारलं – ट्रान्सफर्ड? एफ एक, आर दोन, बरोबर सांगितलं. एक चपाती जळली. जेवताना चपातीबद्दलच बोलला.

१७ ऑगस्ट

आज सुट्टी. थोडं मोकळं लिहिते. इथे मराठीत कुणी माझं पेन अडवत नाही.

धम्मपालचं शोरूम बंद होऊन दीड वर्ष होईल. टीव्ही-फ्रिजचं मोठं दुकान होतं ते, अंधेरीला. तो फ्लोअर मॅनेजर. गळ्यात टाय, हातात वॉकी-टॉकी, गिऱ्हाइकाशी फाडफाड इंग्रजी. त्याच्या वडिलांनी जालन्याहून येऊन, बस धुण्याचं काम करून त्याला इंग्रजी शाळेत घातलं. अख्ख्या गल्लीत तेव्हा तो एकटाच होता. सासूबाई अजून सांगतात, धम्मा लहानपणी इंग्रजीत कविता म्हणायचा तर लोक दारात उभे राहायचे.

दुकान बंद झालं आणि त्याला कुणी घेतलं नाही. गेला बऱ्याच ठिकाणी. समोर बसलेली पोरं पंचविशीची. एकाने म्हणे त्याला विचारलं, "सर, तुम्ही इथे फिट व्हाल असं वाटतं का?" सर म्हणाला आणि नकार दिला. त्या दिवशी आला तो टाय काढून कपाटात ठेवला. नंतर घातला नाही.

परदेशाची टूम त्याचीच. हॉस्पिटलमधल्या दोघी गेल्या हे मी सहज बोलले, आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या वाकोल्यात सगळ्यांना माहीत – आम्ही जाणार! आधी मी, सहा महिन्यांनी तो. दिवसभर मोबाइलवर तिकडच्या गावांचे व्हिडिओ बघतो. कुठे भाडं कमी, कुठे थंडी जास्त. किराणावाल्यालासुद्धा सांगून झालंय.

मला कुणी विचारलं नाही, जायचंय का.

खरं सांगायचं तर जायचंय. हे मी त्याला अजून कळू दिलेलं नाही.

२५ ऑगस्ट, रविवार

वॉर्डातल्या मीराने एक क्लास सांगितला. अंधेरी स्टेशनजवळ, झेरॉक्सच्या दुकानावर. विमला मॅडम, महापालिकेच्या शाळेतून रिटायर झालेल्या. मीरा त्यांच्याकडेच जाऊन पास झाली.

घरी सांगितलं तर – "घरात मास्तर असताना बाहेर कशाला?"

मी म्हटलं, "तुलाच थोडा आराम."

सासूबाई हसल्या की खोकल्या, कळलं नाही.

गेले. खोली लहान, पंखा मोठा. मॅडम मालवणकडच्या, सत्तरीच्या पुढच्या. इंग्रजी एकदम इंग्रजांसारखं बोलतात, राग आला की मालवणी. पहिल्याच दिवशी पत्र लिहून घेतलं. पुढच्या रविवारी तपासून देणार.

१ सप्टेंबर, रविवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

मॅडमनी माझं पत्र समोर ठेवलं. व्हॉमिटेडला गोल. व्हिजिटेडला गोल. बेनिफिटेडला गोल. तिन्हीत मी दोन टी लिहिले होते.

"तुका कोणी सांगितल्यान ह्यां?"

म्हटलं, "नियम आहे ना मॅडम. एक स्वर, एक व्यंजन, डबल."

"अर्धो नियम. बाकीचो अर्धो खय गेलो?"

बाकीचा अर्धा असा : शब्द लांब असेल तर जोर कुठे पडतो ते बघायचं. जोर शेवटच्या तुकड्यावर असेल तरच डबल. ॲडमिट बोलताना जोर 'मिट'वर, म्हणून दोन टी. व्हॉमिट बोलताना जोर 'व्हॉ'वर, म्हणून एकच. रेफर्डमध्ये जोर शेवटी, आर दोन. तोच जोर रेफरन्समध्ये पुढे सरकतो, तर आर एक. ट्रॅव्हल, कॅन्सल हे शब्द तर अजून हट्टी – तिकडे लंडनच्या बाजूला जोर नसतानाही दोन एल, अमेरिकेत एक.

मॅडमनी दोन्ही शब्द चार-पाच वेळा म्हणून दाखवले. मला फरक ऐकू आला नाही. छातीला स्टेथो लावून बारीकशी घरघर ऐकते मी, आणि हे ऐकू येत नाही. आपल्याकडे सगळी अक्षरं जवळपास सारख्याच वजनाने बोलतात, मॅडम म्हणाल्या, त्यामुळे कानाला सवय नसते.

मग त्यांनी जे सांगितलं ते जास्त लागलं. "एका टीसाठी कोणी कोणाक नापास करणा नाय गो. तुझा पत्रच उलटा. पेशंटाचो श्वास अडकलोहा, आणि तां तू शेवटच्या ओळीत सांगतंस. पयली ओळ ती होई."

म्हणजे चूक भलतीकडेच होती. आणि मी महिनाभर चपात्या जाळत टी मोजत होते.

घरी येऊन मे महिन्याची वही काढली. माझ्या अक्षरात व्हॉमिटेड, टी एक. त्यावर लाल रंगात घुसवलेला दुसरा टी. माझं बरोबर होतं. त्याने चूक शिकवली, आणि मी ती पाठ करून परीक्षेत लिहून आले.

वही मिटून कपाटात ठेवली. तो बाहेर बसून कुठल्याशा गावातल्या बर्फाचा व्हिडिओ बघत होता.

८ सप्टेंबर, रविवार

मॅडमची युक्ती : रस्त्याच्या पलीकडच्या माणसाला हाक मारतो तसा शब्द मोठ्याने ओरडायचा. आवाज जिथे आपोआप लांबेल, तिथे जोर.

गच्चीवर कपडे वाळत घालताना करून बघितलं. खाली गणपतीचे ढोल, त्यामुळे कुणाला ऐकू जायची भीती नव्हती. व्हॉऽमिट. ॲडमिऽट. व्हिऽजिट. रेफऽर. पहिल्यांदा सगळे सारखेच. मग हळूहळू – हो, लांबतंय. एकदा कळल्यावर उलटं म्हणताच येईना.

मागे वळले तर सासूबाई बादली घेऊन उभ्या.

"कुणाला हाका मारायलीस?"

"शब्दांना."

"येऊ लागले का?"

"येतायत."

बादली ठेवून गेल्या.

१० सप्टेंबर

शिकवणी चालू आहे. मी बरोबर लिहिते, तो चूक करून देतो, मी मान हलवते. सोपं आहे तसं. वॉर्डात डॉक्टर चुकले तरी आपण मान हलवतोच.

१५ सप्टेंबर, रविवार

आज दहिसरला, नणंदेच्या नव्या फ्लॅटवर. सपनाताईंनी टॉवरमध्ये घर घेतलं. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, सगळे हॉलमध्ये बसले. सपनाताईंच्या सासरची माणसं, बँकेतली, शाळेतली.

कुणीतरी विचारलं, "काय मग, परदेशाचं कुठवर आलं?"

धम्मपाल म्हणाला, "रायटिंगमध्ये अडकली. माझ्याकडे शिकवणी लावलीय. विचारा काहीपण. मित्रा, व्हॉमिटेडचं स्पेलिंग सांग."

माणसं जेवून उठलेली, आणि हा उलटीचं स्पेलिंग विचारतोय. लोक हसले. मीही हसले. वाटलं, दोन टी म्हणून टाकावं. घरात त्याला मान हलवतच होते.

पण सगळे माझ्याकडे असे बघत होते, जशी लहान मुलीला कविता म्हणायला उभी केलीय.

मी स्पेलिंग सांगितलं. एक टी.

"बघा," तो म्हणाला. "एवढं घोकून घेतलं तरी."

"एकच टी असतो," मी म्हटलं. "जोर पहिल्या भागावर आहे. ॲडमिटेडमध्ये दोन."

सपनाताईंनी मोबाइलवर बघितलं. बघून मोबाइल उलटा ठेवला. तेवढ्यावरूनच सगळ्यांना कळलं. त्यांचे दीर म्हणाले, "वहिनीच पास व्हायच्या आता, मास्तर बदला." पुन्हा हसणं. पण आता दुसऱ्या बाजूने.

धम्मपालचे कान लाल झाले. मला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. टिकला नाही.

टॅक्सीत तो पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी बसला. मी आणि सासूबाई मागे. घरी येऊन शर्ट काढता काढता म्हणाला, "माझ्या बहिणीच्या घरात."

म्हटलं, "विचारलंस तू."

"एक शब्द आला म्हणून शहाणी झालीस? अक्कल असती तर डॉक्टर झाली असतीस. लोकांची भांडी उचलतेस तिथे."

बेडपॅनला तो भांडी म्हणतो. त्याच भांड्यांवर या घरात वीज आहे, गॅस आहे, त्याच्या मोबाइलचा रिचार्ज आहे. हे ओठांवर आलं होतं. गिळलं. सासूबाई दारात होत्या.

१६ सप्टेंबर

शिकवणी बंद. लाल पेन कचऱ्यात दिसलं.

२२ सप्टेंबर, रविवार

मॅडमनी आजचं पत्र न खोडता परत दिलं. "आता जा आणि लिही. घाबरा नको." बाहेर पडताना म्हणाल्या, "घोव बरो आसा ना?" म्हटलं, नवरा बरा आहे. दुसरं काय सांगणार.

२८ सप्टेंबर, शनिवार

परीक्षा झाली. पत्र बरं गेलं. पेशंट हृदयाचा, श्वास अडकलेला – पहिल्या ओळीत लिहिलं. ॲडमिटेड, ट्रान्सफर्ड, मॉनिटर्ड. मनात एकेकाला हाक मारून लिहिलं.

सकाळी एकटीच निघाले होते. चपला घातल्या तर हा शर्ट घालून तयार. सेंटरच्या दारात पाण्याची बाटली हातात दिली, म्हणाला, "आधी सगळं वाच. घाई करू नको." मी बाहेर आले तर समोरच्या पानाच्या टपरीजवळ उभा. तिथेच होता सगळा वेळ. पावसाने खांदे भिजलेले.

असा वागला की माझी पंचाईत होते. सरळ वाईट असता तर मला किती सोपं गेलं असतं.

पण भांडी हा शब्द गेलेला नाही. भिजलेले खांदे बघूनही नाही गेला.

१७ ऑक्टोबर

पास! चारही.

वॉर्डात मीराने मिठी मारली. सात नंबरला आता दुसरे आजोबा आहेत, त्यांनी विचारलं, "लग्न ठरलं का?" कितीतरी दिवसांनी पोटातून हसले.

घरी आले तर पेढे. त्याने गल्लीभर वाटून झालेले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "धम्मपालने फार मेहनत घेतली हो तुझ्यावर. रोज शिकवायचा ना?" तो पेढ्याचा बॉक्स धरून शेजारीच उभा. माझ्याकडे बघितलं नाही. "करावं लागतं काकी," म्हणाला.

पेढा तोंडात होता म्हणून बरं.

त्याच क्षणी ठरलं. एकटी जाणार. सहा महिन्यांनी नाही, वर्षाने नाही, त्याला बोलावणारच नाही. तिकडून पैसे पाठवीन, सासूबाईंची औषधं, लाइट बिल, सगळं पाठवीन. माणूस नाही नेणार.

२९ ऑक्टोबर

व्हिडिओ कॉलवर मुलाखत झाली. निवड झाली. जानेवारीत जायचं. एजन्सीची बाई म्हणाली, नवऱ्याला आणायचं असेल तर आताच कळवा, त्याचीही तयारी सुरू करता येईल. कळवते म्हटलं.

धम्मपालला कसं सांगायचं, ते वाक्य रोज जुळवते. ड्यूटीवर जाताना, येताना. कधी रागाने सुरू होतं, कधी समजुतीने. एकदा तर मनातल्या मनात इंग्रजीतच झालं. तेच सगळ्यांत कडू जमलं. तेच बोलावं की काय?

१० नोव्हेंबर, रविवार

तो दाढी करायला खाली गेलेला. सासूबाई जवळ येऊन बसल्या. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला – असं त्या कधी करत नाहीत.

"तिकडं गेल्यावर धम्माला बोलावू नको."

ही बाई, जी एवढी वर्षं मेथीच्या जुडीमागे बसून राहिली.

"कामून म्हणता आई असं?"

"म्हणलं ना. त्याला नेऊ नको."

विचारलं, "तुम्हाला तो जवळ पाहिजे म्हणून?"

त्यांनी हात काढून घेतला. "तसं समज."

म्हणजे मला सोडवायला नव्हत्या आल्या. मुलगा राखायला आल्या होत्या. ठीक आहे. आमचं दोघींचं काम एकच, कारणं वेगळी. तरी कुठेतरी लागलं. वाटलं होतं, एकदा तरी माझ्यासाठी बोलतील.

उद्या-परवा सांगते त्याला. आता उशीर नको.

१४ नोव्हेंबर

सांगायला बसले. चहा ठेवला, त्याच्यासमोर बसले, तोंड उघडलं. त्याआधी तोच म्हणाला –

"एजन्सीला माझं काही कळवू नको. माझा पासपोर्ट नाहीये. काढलाच नाही. आईला माहितीये."

मी म्हटलं, "मग ते व्हिडिओ? अख्ख्या गल्लीला सांगत होतास ते?"

त्याने चहा संपवला. "इथे वाकोल्यात माझं इंग्रजी चालतं, मित्रा. तिकडे सगळेच बोलतात. तिकडे मी कोण?"

एवढंच. मग उठून कप धुवायला गेला. 'त्याला नेऊ नको' म्हणताना सासूबाईंना हेच माहीत होतं.

माझं वाक्य तयार होतं. बोलायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.